केशर कामावर निघते तेव्हा

हिंगणघाट तालुक्यातील आमच्या गावात मी कपडे शिवते आणि अस्तर, दोरे, बटणे आणण्यासाठी आठवड्यातून दोनदा एसटीने तालुक्याला जाते. त्या दिवशी पहाटे साडेपाचला उठून, स्वतःची वेणी घालण्याआधी, मी माझ्या कुत्रीला, केशरला, ओट्यावर उभी करते. तिच्या अंगावरून रबरी ब्रश फिरवते, ओल्या फडक्याने पोट, पाय आणि शेपटी पुसते, बोटांच्या बेचक्यात आणि काखेत हात घालून गोचीड लागली आहे का ते चाचपते आणि शेवटी दोन्ही कान उघडून आत पाहते व त्यांचा वास घेते. या सगळ्याला पंचवीस मिनिटे लागतात आणि गेल्या पाच वर्षांत घाईच्या दिवशीही मी ती टाळलेली नाहीत.

मेंदूज्वरानंतर माझ्या दोन्ही कानांचे ऐकणे ७० डेसिबलच्या पलीकडे गेले. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात बहिरेपणाची जी मर्यादा लिहिली आहे, ती हीच. श्रवणयंत्र लावून समोरच्याचे ओठ पाहिले की बोलणे समजते. पाठीमागून येणारी मोटारसायकल मात्र समजत नाही. ते काम केशरकडे आहे. दारात कोणी हाक मारली किंवा कुकरची शिट्टी झाली की ती माझ्या गुडघ्याला नाक लावते आणि मला आवाजाकडे घेऊन जाते. रस्त्यावर तिला नाक लावण्याचीही गरज पडत नाही, कारण ती आपल्याकडची उभ्या कानांची गावठी कुत्री आहे आणि चालता चालता तिचे कान मागे वळले की मी रस्त्याच्या कडेला होते. दीड वर्ष रोज थोडे थोडे शिकवून आम्ही दोघी येथवर आलो.

परंतु गावठी असल्यामुळेच तिला पाहून ती कामावर आहे हे कोणाच्या लक्षात येत नाही. लोकांनी चित्रांत पाहिलेला कामाचा कुत्रा लॅब्रॅडॉर असतो; केशर मात्र बसस्थानकावर झोपलेल्या दहा कुत्र्यांसारखीच तांबूस आणि सडपातळ दिसते. कुत्रा चावल्यानंतर घ्याव्या लागणाऱ्या सुयांचा अनुभव खेड्यात पुष्कळ घरांना असतो, त्यामुळे लोकांची भीती मला खरी वाटते आणि त्या भीतीवर मी कधी चिडत नाही. सुरुवातीला एकदा पावसात चिखलाने माखलेल्या पायांनी आम्ही एसटीत चढू लागलो, तेव्हा वाहकाने आम्हाला पायरीवरूनच उतरवले. कागदपत्रे पिशवीत होती, तरी ती बाहेर काढण्याइतका वेळ कोणाजवळ नव्हता. भिजत घरी परतताना मला उमगले की माणसे कागद नंतर वाचतात, जनावराचे अंग आधी पाहतात. त्यानंतर मी तिच्यासाठी लाल कापडाचे जॅकेट शिवले, त्यावर ‘कामावर आहे, कृपया हात लावू नका’ असे पांढऱ्या दोऱ्याने भरले, आणि पिशवीत एक कोरडे फडके व पाण्याची बाटली कायमची ठेवली. बस येण्याआधी मी तिचे चारही पंजे पुसते. तेच वाहक आता मागच्या बाकाजवळची जागा हाताने दाखवतात, तेथे ती माझ्या पायांशी अंग आखडून बसते. रेबीजच्या वार्षिक लसीची पुस्तिका मी आजही सोबत बाळगते आणि तिची लस एक दिवसही पुढे ढकलत नाही.

नखांकडे मी पूर्वी फारसे लक्ष देत नसे. वाढलेली नखे एसटीच्या पत्र्याच्या तळावर घसरतात आणि बस वळताना ती धडपडते, हे पाहिल्यापासून दर पंधरा दिवसांनी कानशीने थोडी थोडी घासते. काळ्या नखातली रक्ताची शीर बाहेरून दिसत नाही, म्हणून कात्रीपेक्षा कानस मला सुरक्षित वाटते. आंघोळ महिन्यातून एकदाच घालते आणि तीही कुत्र्यांच्या शाम्पूने, कारण आपल्या साबणाने तिच्या कातडीचा कोरडेपणा वाढतो आणि मग ती दिवसभर अंग खाजवत राहते.

कानांविषयी मात्र मला सविस्तर लिहिले पाहिजे. कुत्र्याच्या कानाची नळी आधी खाली उतरते आणि मग आत वळते, त्यामुळे कापसाची काडी घातली की मळ बाहेर येण्याऐवजी त्या वळणात जाऊन बसतो. मी डॉक्टरांनी दिलेले द्रावण कानात सोडून बुडाशी हलकेच चोळते, तिला मान झटकू देते आणि वर आलेला मळ बोटाला गुंडाळलेल्या मऊ कापडाने टिपते. दोन वर्षांपूर्वी पावसाळा संपताना, धुऱ्यावरचे, म्हणजे शेताच्या बांधावरचे, गवत वाळू लागले तेव्हा, तिच्या उजव्या कानात एक कुसळ शिरले. दोन दिवस ती मान तिरकी धरून चालत होती आणि मी ते थकव्यावर घातले, ही माझी चूक झाली. तिसऱ्या दिवशी कानाला वास येऊ लागला. पशुवैद्यकांनी तिला गुंगीचे इंजेक्शन देऊन कुसळ काढले आणि दोन आठवडे औषध घालण्यास सांगितले. त्या दोन आठवड्यांत मी एकटीच बाजाराला गेले आणि एका संध्याकाळी मागून आलेल्या कापसाच्या ट्रॅक्टरचे चाक माझ्या पदराला घासून गेले. तेव्हापासून आश्विन-कार्तिकात शेताच्या वाटेने आले की घरात पाऊल ठेवण्याआधी मी तिचे कान पाहते.

उन्हाळ्यात आमच्याकडे पारा ४५ अंशांवर जातो आणि डांबराचा रस्ता त्याहून कितीतरी अधिक तापतो. मी हाताची पालथी बाजू डांबरावर ठेवते. पाच-सात सेकंद ठेववली नाही तर त्या दिवशी बाजार रद्द होतो. कपाशीवर फवारणी सुरू झाली की वेगळीच काळजी सुरू होते. २०१७ च्या हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आम्हा कोणाला विसरता येत नाही, आणि कुत्रा तर चालून आल्यावर स्वतःचे पाय चाटतो. म्हणून त्या दिवसांत धुऱ्यांची वाट सोडून आम्ही डांबरी रस्त्याने लांबून जातो आणि आल्याबरोबर तिचे पाय पोटापर्यंत धुतो. गोचिडीवर रॉकेल लावण्याचा किंवा बैलांचे औषध फासण्याचा सल्ला प्रेमाने देणारे पुष्कळ आहेत. त्यांना मी हात जोडते, आणि चिमट्याने गोचीड कातडीजवळ धरून सरळ ओढून काढते.

गेल्या पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी होती. शेजारचे काकाजी त्यांच्या बैलांचे खांदे पळसाच्या पानाने गरम पाण्याने शेकत होते आणि मी ओट्यावर केशरचा पट्टा काढून तिच्या छातीवर, पट्टा घासतो त्या जागी, केस झडले आहेत का ते पाहत होते. काकाजी हात थांबवून बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले. मग समोर येऊन, मला ओठ दिसतील असे उभे राहून, ते म्हणाले, “बराबर आहे पोरी. जू जेथ बसते, तेथ पयले पाहा लागते.” त्यांच्या वाटीत बैलांसाठी कालवलेली हळद आणि लोणी उरले होते. त्यांनी ते बोटावर घेतले, केशरला हात लावू का म्हणून मला नजरेने विचारले आणि तिच्या छातीवर पट्ट्याच्या जागी हळूच चोळले. दुसऱ्या दिवशी पहाटे ब्रश फिरवताना तिच्या छातीवरचे ते पिवळे झालेले केस मी तसेच राहू दिले.