चाळिशीतला फूटव्हॉल

सोलापुरात घराचा आठवडा सात दिवसांचा नसतो. तो पाण्यापासून पाण्यापर्यंत मोजायचा. मध्ये तीन दिवस गेले, चार गेले, उन्हाळ्यात एखादा वाढला, की कपडे भिजवायचा वार, पाहुणे बोलवायचा वार, डोक्यावरून अंघोळीचा वार सगळे सरकतात. लग्नाला पंचांग बघतात. जाड सोलापुरी चादर भिजवायची तर आधी गल्लीचा नळ सोडणाऱ्या चावीवाल्याची वेळ बघावी लागते. ही वेळ तोंडपाठ असलेलं माणूस घरात एकच असतं. विशीत ते वडील असतात, तिशीत आपण 'बघू' म्हणून टाळतो, आणि पंचेचाळिशीच्या आसपास कधीतरी, नारळ न फोडता, मोटरच्या खोलीची किल्ली आपल्या खिशात आलेली असते.

शहराचं पाणी येतं उजनीहून शंभराहून अधिक किलोमीटरच्या जलवाहिनीतून, भीमेवरच्या टाकळीतून, आणि थोडं १८७१ सालच्या एकरुख म्हणजे हिप्परग्याच्या तलावातून. यातली उजनी बोलण्यात रोज असते. धरणाच्या सुमारे ११७ टीएमसीपैकी (अब्ज घनफूट) ६३ टीएमसीहून अधिक हा मृतसाठाच, टक्क्यांच्या हिशेबात न धरलेलं तळाचं पाणी, म्हणजे निम्म्याहून जास्त पाणी शून्याच्या खाली. त्यामुळं इथं धरण रिकामं होत नाही, मायनसमध्ये जातं. चहा घेताना कुणी 'उजनी किती?' विचारावं, समोरच्यानं 'मायनस वीस' म्हणावं आणि दोघांनीही बिस्किट बुडवावं, हे फक्त आपल्याकडं होतं. ज्या वयात हे आकडे पेपरात वाचायची गोडी लागते त्याच वयात चष्मा प्लसमध्ये जातो.

आता घरातला हिशेब. शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर, हे सरकारी प्रमाण. पाच माणसं, चार दिवस, म्हणजे २,७०० लिटर. वर १,००० ची टाकी, खाली २,००० चा हौद. कागदावर ३०० लिटर शिल्लक राहतात. प्रत्यक्षात तिसऱ्या दिवशी संध्याकाळी नळ फुसफुसतो, आणि घरातले चौघं पाचव्याकडं बघतात.

पहिली चोरी हौदातच असते. फूटव्हॉल, म्हणजे मोटरच्या ओढणाऱ्या पाइपच्या खालच्या तोंडाची झडप, तळापासून अर्धा फूट वर ठेवावा लागतो, नाहीतर तळाचा गाळ मोटर ओढते. चार फूट खोल, २,००० लिटरच्या हौदात या अर्ध्या फुटात अडीचशे लिटर बसतात. ते पाणी दिसतं, पण वर येत नाही. झाले की तीनशेचे पन्नास! हौद बांधतानाच कोपऱ्यात फूटभर खोल खड्डा ठेवून फूटव्हॉल त्यात सोडला असता तर यातलं बरंचसं मिळालं असतं. पण हौद बांधताना फूटव्हॉलचा विचार कोण करतं? तेव्हा सगळ्यांचं लक्ष वरच्या फरशीच्या रंगाकडं.

उरलेल्या पन्नास लिटरांवर तीन पिढ्यांचा हक्क असतो. घरातल्या आजींच्या मते नळ आला की कालपर्यंतचं पाणी शिळं. पिंप ओतून, घासून, नव्यानं भरायचं. 'अहो आई, ते चांगलंय अजून,' याला उत्तर नसतं; पिंप आडवं झालेलं असतं. यावर वाद घालण्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. डेंगीचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच होतो. उन्हाळी हवेत अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, पिंपाच्या आतल्या भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी काही महिने टिकतात. म्हणून नुसतं ओतून भागत नाही, घासावं लागतं. कारण चुकीचं असलं तरी आजींचं वागणं शास्त्राला धरून आहे. भांडायचंच असेल तर ओतलेलं पाणी मोरीत गेलं की कुंडीत, एवढ्यावर भांडावं.

दुसऱ्या टोकाला शॉवरखालचा अठरा वर्षांचा मुलगा. साधा शॉवर मिनिटाला आठ-दहा लिटर सोडतो. एक गाणं संपलं की दोन बादल्या गेल्या, आणि तो एका गाण्यावर थांबत नाही. 'बाहेर ये रे, टाकी संपेल,' हे दारावर थाप मारून सांगण्यात काही अर्थ नसतो. शॉवरच्या कॉकला खालून बंद ठेवणं हा शांततेचा मार्ग. 'बिघडलाय' म्हटलं की पुढचे सहा महिने कुणी विचारत नाही.

आता मोटर. पाण्याच्या दिवशी ती रुसतेच. रोज चालणाऱ्या यंत्राचा बिघाड हळूहळू कळत जातो. चार दिवसांनी चालणाऱ्याचा बिघाड नेमका गरजेच्या तासालाच उघडा पडतो. तीन तक्रारी नेहमीच्या आहेत आणि आवाजावरून त्या वेगळ्या ओळखता येतात.

मोटर नीट फिरते, पण पाणी चढत नाही. म्हणजे हवा धरली. पंपाला पाणी ढकलता येतं, हवा ढकलता येत नाही. त्यामुळं हौदापासून पंपापर्यंतचा पाइप भरलेला हवा. तो भरलेला ठेवायचं काम फूटव्हॉलच्या झडपेचं. झडपेत वाळूचा कण किंवा क्षाराचा पापुद्रा अडकला की ती पूर्ण मिटत नाही आणि पाइप हौदात रिकामा होतो. मोटर बंद करून पंपावरचं बूच काढावं, मगानं पाणी ओतावं आणि पाच मिनिटं बघत राहावं. पातळी खाली गेली तर दोष बहुधा फूटव्हॉलचा. तशीच राहिली आणि तरीही पाणी चढत नसेल तर ओढणाऱ्या पाइपच्या एखाद्या जोडातून हवा आत येते आहे. हा दोष भल्याभल्यांना चकवतो, कारण असा जोड मोटर चालू असताना गळत नाही. आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी असतो, त्यामुळं पाणी बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. जोड कोरडा ठणठणीत दिसतो. तो खोलून, जुनी टेप खरवडून, चुडीच्याच, म्हणजे आट्यांच्या दिशेनं आठ-दहा वेढे नवी टेफ्लॉन टेप घातली की काम होतं. उलट दिशेनं गुंडाळलेली टेप पिळताना सुटून येते.

मोटर नुसती हूं करते, फिरत नाही. इथं पहिलं काम बटण बंद करणं. हूं करत ठेवली तर काही मिनिटांत वायंडिंग, म्हणजे आतलं तारांचं वेटोळं, जळू शकतं. प्लग काढून, मागच्या पंख्याकडच्या दांड्याच्या खाचेत स्क्रूड्रायव्हर घालून फिरवून बघावं. सहज फिरला तर मोटरला फिरायचा धक्का देणारा कंडेन्सर बहुतेक गेला. घट्ट असेल तर पंपातला पंखा गंजानं किंवा क्षारानं धरला. नवा कंडेन्सर घेताना जुन्यावरचा मायक्रोफॅरडचा आकडा तंतोतंत तोच हवा; व्होल्ट तेवढे किंवा जास्त चालतात. जुन्याच्या दोन टोकांना बोट लावू नये. प्लग काढल्यावरही त्यात चार्ज राहतो.

तिसरी तक्रार कुणी तक्रार म्हणून घेतच नाही. पंप आणि मोटर यांच्या मधून थेंब थेंब पडतो. खाली एक जुना डबा ठेवला जातो आणि वर्षभर तो डबाच रिकामा केला जातो. पंपातलं पाणी मोटरकडं जाऊ न देणारं सील गेलेलं असतं. मोटर कोरडी चालली, हौद संपल्यावरही कुणी बंद केली नाही, की सील तापून खराब होतं. तिथून पाणी बेअरिंगमध्ये, मग वायंडिंगमध्ये. सीलची किंमत वायंडिंगच्या पुढं किरकोळ असते, पण सील बदलायला मोटर खोलावी लागते आणि आज पाण्याचा दिवस असतो. उद्या बघू. उद्या पाणी नसतं, त्यामुळं आठवणही नसते.

हे सगळं ज्या वयात अंगावर येतं ते वय या कामाला फारसं सोयीचं नाही. चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग कडक होत जातं आणि जवळचं दिसायला साधारण प्लस एक, पन्नाशीपर्यंत प्लस दोन लागतो. कंडेन्सरवरचे आकडे मात्र ज्यानं छापले तो बहुधा पंचविशीतला असावा. दुहेरी भिंगाच्या चष्म्यात जवळचा भाग खाली असतो, म्हणून पुस्तक वाचता येतं. पण डोक्यावरच्या पाइपचा जोड वर मान करून, लांबच्या भागातून बघावा लागतो आणि तो धूसरच दिसतो. मान मागं टाकून हनुवटी वर काढली तर मान धरते. फक्त जवळच्या नंबरचा एक स्वस्त चष्मा हत्यारांच्या डब्यात कायमचा ठेवावा. नाहीतर मोबाइलनं फोटो काढून बोटांनी मोठा करावा. मुलं हसतात, हसू द्यावं.

गुडघे आणि खांदा यांचंही तेच. फ्रोझन शोल्डर बहुधा चाळीस ते साठच्या दरम्यान गाठतो, मधुमेह असेल तर जास्त. तो हात वर जाऊ देत नाही आणि टाकीचं झाकण नेमकं वरच असतं. फूटव्हॉल साफ करायला पाण्यानं भरलेला इंची पाइप एकट्यानं हौदातून उपसू नये. त्या पाइपला मोटरजवळ युनियन, म्हणजे खोलता येणारा जोड, बसवून घेतलं की दोन आटे फिरवून पाइप मोकळा होतो. ते नसेल तर प्लंबर करवत काढतो आणि कापलेला पाइप जोडायचे वेगळे पैसे लावतो.

पन्नासातले राहिलेले लिटर बारीक वाटांनी जातात. नळ सेकंदाला एक थेंब गळत असेल तर दिवसाला चार लिटरच्या वर, म्हणजे पाणी येईपर्यंत जवळजवळ एक बादली. जुन्या आट्याच्या नळाला वायसर बदलला की पुरतं. अर्ध्या फेऱ्यात उघडणाऱ्या नव्या नळात सिरॅमिकच्या चकत्या असतात. नळ आल्यावर पहिल्या गढूळ पाण्यातला एक कण त्यांवर ओरखडा काढतो आणि मग कितीही दाबून बंद केलं तरी गळतं. दाबून बंद करणारा माणूस शेवटी मूठ तोडतो. तिथं चकत्यांसकट आतलं पूर्ण स्पिंडलच बदलावं. पहिली पाच-दहा मिनिटं पाणी अंगणातच सोडावं ते याचसाठी. पाइप चार दिवस रिकामा असतो, चिरांतून माती आत येते, आणि गल्लीत कुणी नळाला थेट मोटर लावली की ती आणखी ओढली जाते.

सगळ्यात गुपचूप गळतो तो फ्लश. त्याच्या टाकीत थोडी नीळ टाकावी आणि वीस मिनिटं कुणाला आत जाऊ देऊ नये. पाच माणसांच्या घरात हा प्रयोगातला सर्वांत अवघड भाग आहे. भांड्यात निळं उतरलं तर खालचं रबर गेलं. अशा गळतीतून दिवसाला शंभर लिटरही जाऊ शकतात, आणि त्याबद्दल ओरडा मात्र शॉवरवाल्याला बसतो.

बोअरच्या पाण्याची भर असलेल्या घरांत क्षाराचं स्वतंत्र प्रकरण असतं. दख्खनच्या काळ्या खडकातलं हे पाणी बहुधा जड. तापवलं की त्यातला विरघळलेला चुना घट्ट होऊन गिझरच्या कॉइलवर बसतो, पाणी उशिरा तापतं, बिल वाढतं. थर्मोस्टॅट साठच्या खाली ठेवला तर थर हळू चढतो. नळाच्या तोंडाची जाळी कोमट पाण्यात दोन चमचे लिंबूसत्त्व घालून अर्धा तास भिजवली की मोकळी होते. याच मगात ब्लीचिंग पावडर कधीही मिसळू नये, विषारी वायू सुटतो. हौदात पावडर घालायची तर १,००० लिटरला सुमारे अडीच ग्रॅम. आधी वेगळ्या मगात कालवून, खाली बसू देऊन, वरचं निवळ तेवढं ओतावं आणि तासभर ते पाणी घेऊ नये.

कूलरबद्दल एवढंच की गवत मार्चच्या सुरुवातीला बदलावं. मेमध्ये सगळं सोलापूर त्या दुकानात असतं. आणि समोरची खिडकी उघडी ठेवावी, कितीही जण 'गार हवा बाहेर जाते' म्हणून ती लावत असले तरी.

टाकी भरली की मोटर आपोआप बंद करणारा कंट्रोलर लावला म्हणजे सुटलो, असं एका वर्षापुरतं वाटतं. मग त्याच्या टाकीतल्या तारांवर क्षार बसतो. कधी टाकी अर्धी असताना मोटर थांबते, कधी ओव्हरफ्लो शेजारच्यांच्या गाडीवर पडेपर्यंत थांबत नाही आणि खालून आवाज येतो, 'दादा, तुमची टाकी!' तीन-चार महिन्यांनी तारा पुसल्या तर तो नीट चालतो. पुसायच्या कुणी, हे मात्र त्याच्या माहितीपुस्तिकेत नाही.

मोटरच्या खोलीच्या दाराला आतून काही गोष्टी पक्क्या मार्करनं लिहून ठेवाव्यात: मोटर किती एचपीची, कंडेन्सर किती मायक्रोफॅरडचा, फूटव्हॉल किती इंची, सील कधी बदललं, प्लंबरचा नंबर. अक्षर अंगठ्याएवढं काढावं. पुढच्या वेळी ते बहुधा अंधारात, चष्मा वर घरात राहिलेला असताना वाचावं लागणार आहे.