चिलीत सेकंडहँड बाइक घेऊन उशुआयापर्यंत: आधी कागद, मग गाडी

दक्षिण अमेरिकेच्या दक्षिण टोकाकडच्या पॅटागोनियात आठवडाभर फिरायचं असेल तर सरळ भाड्याची बाइक घ्यावी. दोन-तीन महिन्यांचा बेत असेल, तर मात्र तेवढ्या भाड्यात जुनी गाडी विकत येते. मी चिलीच्या राजधानीत, सांतियागोत, होंडाची एक्सआर २५० टोर्नाडो ही बाइक घेतली, कारेतेरा आउस्त्राल या चिलीतल्या महामार्गाने दक्षिणेला उतरलो, आर्जेंटिनात शिरून तिथल्या दक्षिण टोकाचं उशुआया शहर गाठलं आणि चिलीत परतून गाडी विकली.

कोणती गाडी घ्यावी यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. माझ्या मते ते दुय्यम आहे. इंजिन वाटेत कुठेही उघडता येतं. चिलीचा कागद चिलीतच होतो. आणि या प्रवासात सीमा सारखी आडवी येते. आर्जेंटिनाच्या मुख्य भूमीवरून उशुआयाला गाडीने जायचं तरी मध्ये चिलीत शिरावं लागतं, मॅगेलनची सामुद्रधुनी फेरीबोटीतून ओलांडावी लागते आणि तिएर्रा देल फुएगो बेटावर पुन्हा आर्जेंटिनात जावं लागतं. दर चौकीवर प्रश्न एकच, गाडी कोणाच्या नावावर आहे?

सुरुवात होते ‘रुत’ या कर क्रमांकापासून. तो नसेल तर परदेशी माणसाच्या नावावर गाडी होत नाही. तो तिथल्या कर खात्याकडून मिळतो आणि त्यासाठी चिलीतला पत्ता द्यावा लागतो. एखादं कार्यालय स्थानिक हमीदारही मागतं, म्हणून ओळखीचा माणूस किंवा हॉस्टेलचा मालक आधीच तयार ठेवावा. आधी गाडी पसंत करून मग रुतच्या मागे लागलात, तर विकणारा तुमच्यासाठी थांबणार नाही.

गाडी आवडली की पैशांची भाषा करण्याआधी नंबर प्लेटवरून दोन दाखले काढायचे. एक ‘आनोतासियोनेस विहेंतेस’: खरा मालक कोण, गाडीवर कर्ज किंवा जप्ती आहे का, हे त्यात कळतं. दुसरा न भरलेल्या दंडांचा. हा दुसरा हलक्यात घेऊ नका. सांतियागोच्या शहरी महामार्गांवर टोल इलेक्ट्रॉनिक आहे, तो बाइकलाही लागतो, आणि टोलचा इलेक्ट्रॉनिक टॅग न लावता फिरल्याचे दंड त्या नंबरवर साचत जातात. दंड बाकी असताना गाडीच्या वार्षिक परवान्याच्या नूतनीकरणाला गेलात की ते तुमच्या गळ्यात पडतात.

इकीके आणि पुंता आरेनास या करमुक्त क्षेत्रांतली गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी नको. तिच्यावर आयात शुल्क भरलेलं नसतं. ते भरल्याशिवाय किंवा सीमाशुल्क खात्याची खास परवानगी काढल्याशिवाय ती उरलेल्या देशात आणता येत नाही. मला अशी एक गाडी फारच आग्रहाने दाखवली गेली. किंमत ऐकूनच शंका आली होती, कागद पाहून खात्री पटली.

व्यवहार नोटरीसमोर किंवा थेट नोंदणी कार्यालयात, म्हणजे ‘रेहिस्त्रो सिव्हिल’मध्ये होतो. हस्तांतरणाचा कर दीड टक्का. तो सौद्याची किंमत आणि सरकारी मूल्यांकन यांतल्या मोठ्या रकमेवर लागतो. म्हणून ‘कागदावर कमी दाखवू’ ही सूचना हसून सोडून द्यावी. पैसे सहीच्या टेबलावरच द्यावेत. त्यानंतर तुमच्या नावाचं नोंदणीपत्र, ‘पाद्रोन’, यायला वेळ लागतो. तेवढ्यात चिलीत फिरायला हरकत नाही, पण पाद्रोन हातात आल्याशिवाय मी सीमेकडे वळलो नाही. कारेतेरा आउस्त्राल चिलीतच असल्यामुळे ही वाट पाहणं अजिबात जड जात नाही.

आणखी एक तारीख लक्षात ठेवा: ३१ मार्च. नगरपालिकेचा वार्षिक परवाना आणि ‘सोआप’ हा सक्तीचा अपघात विमा त्याच दिवशी संपतात. जानेवारीत गाडी घेऊन एप्रिलमध्ये परतणार असाल, तर नूतनीकरण मधेच येतं. ते ऑनलाइन होतं, पण तांत्रिक तपासणीची मुदत शिल्लक हवी. सोआप फक्त माणसांच्या इजेपुरता आहे. आर्जेंटिनासाठी नुकसानभरपाईचा वेगळा विमा सक्तीचा आहे.

आता गाडी. सांतियागोत लिरा रस्त्यावर बाइक आणि सुट्या भागांची दुकानं एकाला एक लागून आहेत. तिथे नुसती चक्कर मारली तरी भावाचा अंदाज येतो. गाडी बघायला जाल तेव्हा आधी इंजिनला हात लावा. गरम लागलं तर ती तुमच्यासाठी आधीच चालू करून ठेवलेली आहे. गार होऊ द्या, मग स्टार्ट करा. पुढचं चाक उचलून कोनसेट खेळतंय का बघा, शॉकअपमधून तेल झरतंय का बघा. टायरवरच्या चार आकड्यांत पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. चासी आणि इंजिन नंबर स्वतः वाचून कागदाशी ताडा. मोठी गाडी घ्यायची तर जुन्या कावासाकी केएलआर ६५०मध्ये बॅलन्सर चेनचा टेन्शनर (इंजिनमधली ती चेन ताणून धरणारा भाग) बदलला आहे का, हे विचाराच. तो तिचा प्रसिद्ध कच्चा दुवा आहे. टोर्नाडो हळू पळते, वाऱ्यात तर फारच. पण पडली तर एकट्याला उचलता येते, आणि खडीवर ती पडतेच.

कारेतेरा आउस्त्राल पुएर्तो मोंतपासून व्हिया ओ’हिगिन्सपर्यंत सुमारे १,२४० किलोमीटर आहे. उत्तर भागात फेरीबोटी लागतात. ओर्नोपिरेनहून सुटणाऱ्या बोटीत उन्हाळ्यात जागा मिळणं कठीण, आधी आरक्षण करा. व्हिया ओ’हिगिन्सच्या पुढे गाडीसाठी रस्ता नाही. तिथून मागे यायचं आणि कोक्रानेजवळच्या रोबायोस खिंडीतून किंवा चिले चिकोवरून आर्जेंटिनात शिरायचं. मी चिले चिको घेतलं, कारण खेनेराल कार्रेरा सरोवराच्या काठचा तो रस्ता चुकवणं जिवावर आलं असतं.

आर्जेंटिनाच्या रुता ४० या महामार्गावर गोबेर्नादोर ग्रेगोरेस ते त्रेस लागोस यांच्यामधला ७३ किलोमीटरचा खडीचा पट्टा कुप्रसिद्ध आहे. पाऊस झाला असेल तर मुकाट्याने थांबा. ओल्या चिखलात चाक आणि मडगार्ड एक होऊन जातात. कोरड्यात त्रास वाऱ्याचा. सकाळी लवकर निघालात तर तो जरा कमी असतो. पेट्रोल दिसेल तिथे टाकी भरा, अर्धी रिकामी व्हायची वाट पाहू नका. चिलीत परत शिरताना फळं, मांस, मध बॅगेत ठेवू नका. तपासणी कडक आहे आणि दंडही.

विक्री चिलीतच करा. आर्जेंटिनात गाडी तात्पुरती आणलेली असते, ती तिथे विकता येत नाही. मोसम संपताना गिऱ्हाईक कमी आणि घासाघीस जास्त, म्हणून परतीच्या विमानाआधी भरपूर दिवस हाताशी ठेवा. तेवढा वेळ नसेल तर विश्वासातल्या माणसाला नोटरीकडून मुखत्यारपत्र करून देता येतं. कसंही विकलंत तरी ‘आनोतासियोनेस’चा दाखला पुन्हा काढा आणि मालक म्हणून नवं नाव लागलंय का ते बघा, ते लागेपर्यंत पुढचा माणूस विनाटॅग फिरला तरी दंड तुमच्याच रुतवर येतील.