भाच्याचा आलेख

पेडणे, १२ जुलै

भाचा बंगळूरहून आलाय. जेवताना मोबाइलवर आलेख दाखवत होता, आधी आडवी आणि मग एकदम उभी चढलेली रेघ. "मामा, २०४५ मध्ये यंत्रांची बुद्धी माणसाला कितीतरी मागे टाकणार, सगळंच बदलणार. कुर्झवाइल नावाच्या अमेरिकी संशोधकानं २००५ मध्येच लिहून ठेवलंय." पानावर मोबाइल नको म्हणून ताईनं त्याला दटावलं, तेव्हा विषय थांबला. डोक्यातून मात्र जाईना.

ही रेघ मुळात संगणकाच्या चिपांची. चिपवरचे घटक दरवर्षी दुप्पट होतील, असं गॉर्डन मूर हा चिपा बनवणारा माणूस १९६५ मध्ये म्हणाला; १९७५ मध्ये त्यानंच ते दर दोन वर्षांवर आणलं. त्याला मूरचा नियम म्हणतात खरं, पण निसर्गाचा थोडाच आहे तो! कंपन्यांनी पुढ्यात ठेवलेलं लक्ष्य. तेवढ्यावरून औषधं, शेती, विमानं सगळंच तसं धावेल म्हणायचं?

विमानांचंच घ्या. १९०३ मध्ये राइट बंधू उडाले, १९६९ मध्ये माणूस चंद्रावर उतरला. त्या साली कुणी अशी रेघ ओढली असती, तर आज आम्ही चतुर्थीला मंगळावरून गावी आलो असतो. झालं काय? आवाजाहून वेगानं उडणारं कॉंकॉर्ड विमान २००३ मध्ये बंद पडलं. इथल्या मोपा विमानतळावर उतरणारी विमानं साठच्या दशकातल्या जेटपेक्षा वेगानं उडत नाहीत. सुधारणा झाल्या, इंधन कमी लागतं, अपघात घटले. पण वेगाचा खर्च परवडेना.

आणि खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात? तिथल्या मानशीची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या वाटेची, लाकडी दारं भरतीच्या रेट्यानं आपसूक मिटतात, ओहोटीला उघडतात. वीज नको, माणूस नको. बांधाला भगदाड पडलं की मात्र चिखलात उतरणारे हात लागतात, आणि ते मिळत नाहीत. तिथं अडलंय ते बुद्धीवाचून नव्हे.

काहीच होणार नाही, असं मी म्हणत नाही. ही नोंदसुद्धा मी मोबाइलला तोंडी सांगतोय आणि तो मराठी बऱ्यापैकी उतरवून घेतोय. माझं भांडण तारखेशी आहे. माणसाचं कुठलंही काम यंत्रं वीस वर्षांत करू लागतील, असं हर्बर्ट सायमन हा कृत्रिम बुद्धिमत्तेचा अभ्यासक १९६५ मध्येच म्हणाला होता. साधासुधा माणूस नव्हे, पुढे अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं त्याला.

झोपायला जाताना भाच्याला विचारलं, फ्लॅटचं कर्ज किती वर्षांचं काढलंस? म्हणाला, पंचवीस.