स्किरिड इन: आधी डोंगर चढा, मग फासाची तुळई बघा

वेल्समधल्या ॲबरगव्हेनीपासून हेरफर्डच्या रस्त्याने उत्तरेला ८-९ किलोमीटर गेलं की लॅनव्हिहँगल क्रुकॉर्नी हे छोटं गाव लागतं. स्किरिड इन ही फाशीच्या आणि भुतांच्या कहाण्यांसाठी ओळखली जाणारी जुनी सराई तिथेच, ए४६५ हमरस्त्यापासून जरा आत आहे. बहुतेक लोक संध्याकाळी भुतं बघायला येतात आणि अर्ध्या तासात परततात. त्यापेक्षा सकाळी स्किरिड डोंगर करून दुपारी सराईत उतरावं, म्हणजे कहाण्या कुठून आल्या ते उमगतं.

ट्रेनने येणाऱ्यांनी न्यूपोर्टहून हेरफर्डकडे जाणारी गाडी धरून ॲबरगव्हेनीला उतरावं. गावाकडे बस आहे, पण फेऱ्या मोजक्याच. परतीच्या शेवटच्या बसची वेळ प्रवासाला निघण्याआधीच पाहून ठेवा. रविवारचं वेळापत्रक वेगळं असतं, तेव्हा टॅक्सी आधी ठरवलेली बरी. डोंगरासाठी गाडी नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या वाहनतळावर लावायची. तो गावात नाही, बी४५२१ रस्त्यावर आहे. इथेच अनेक जण चुकतात, कारण नकाशावर 'स्किरिड' टाकलं की सराईच दिसते.

डोंगर ४८६ मीटर. सुरुवातीच्या जंगलात पावसानंतर चिकणमातीचा राडा होतो, तिथे साधे स्पोर्ट्स शूज घसरतात. पुढचा लांबट कणा उघडा आहे आणि वारा झोडपून काढतो. सह्याद्रीतल्या पावसाळी ट्रेकची सवय असली तरी विंडचीटर सोडू नका. जाऊन-येऊन दोन-अडीच तास धरा. डिसेंबरात चारच्या सुमारास अंधारतं.

पश्चिमेकडचा कडा खचून वेगळा झाला आहे. वर तांबडा वालुकाश्म आणि खाली मऊ थर, म्हणून दरड सरकली. लोककथा म्हणते, ख्रिस्ताला क्रुसावर चढवलं त्या क्षणी डोंगर फाटला. त्यामुळे इथली माती पवित्र मानून शेतात पसरत, शवपेटीवर टाकत. माथ्यावर सेंट मायकलचं प्रार्थनामंदिर होतं. आता दोन उभे दगड आणि गवताखालचे उंचवटे उरलेत. कॅथलिकांवर बंदी असताना लोक इथे गुपचूप जमत. १६७६ मध्ये पोप दहावे क्लेमेंट यांनी मायकलच्या सणाला, म्हणजे २९ सप्टेंबरला, इथे येणाऱ्यांना पापक्षमा जाहीर केली होती. गावाच्या नावातला 'मिहँगल' हाही मायकलच. वेल्शमध्ये 'लॅन'नंतर 'म'चा 'व्ह' होतो.

आता सराई. १११० साली मेंढीचोरीबद्दल इथे एकाला फाशी झाली, वरच्या मजल्यावर न्यायालय भरे, जिन्यावरच्या तुळईला सुमारे १८० जणांना लटकवलं, असं सांगतात. तुळईवर दोर घासल्याच्या म्हणतात त्या खुणा आहेत. जिना काळोखा आहे, पण टॉर्च लोकांच्या डोळ्यांवर मारू नका. गोची तारखांची आहे. सध्याची इमारत सतराव्या शतकाची, मग बाराव्या शतकातला फास या तुळईला कसा? सराईशी 'फाशीवाल्या' न्यायाधीश जेफ्रीजचंही नाव जोडतात. हा भाग मनमथशायरचा, म्हणून ते राजाविरुद्धच्या मनमथच्या बंडामुळे चिकटलं असावं. पण १६८५ चं ते बंड आणि त्यानंतरचे कुप्रसिद्ध खटले नैर्ऋत्य इंग्लंडातले. त्यातलं मनमथ हे बंड करणाऱ्या ड्यूकच्या पदवीचं नाव. इंग्रजांविरुद्ध उठलेला वेल्श बंडखोर नेता ओवेन ग्लिनदूर याने सराईच्या अंगणात सैन्य जमवलं, हीही गावची आठवणच समजावी.

भुतांमध्ये फॅनी प्राइस ही क्षयाने गेलेली जुनी मालकीण आणि एक पाद्री. ग्लास आपोआप उडतात, गळ्याभोवती दोर आवळल्यासारखं वाटतं, अशा गोष्टी ऐकवतात. आम्हाला त्याहून भावते ती पूकाची, म्हणजे वेल्श खोडकर भुताची, परंपरा: त्याच्यासाठी मद्याचा पेला ठेवायचा. कोकणात राखणदाराला ठेवतात ना, तसंच.

खायचं असेल तर आधी फोन करा. ग्रामीण पबचं स्वयंपाकघर दुपारी बंद राहतं, रविवारी गर्दी असते, शाकाहारी पदार्थ थोडेच. टेबलावर बसून वेटरची वाट पाहू नका. ऑर्डर आणि पैसे बारवरच द्यायचे. मुक्कामाच्या खोल्या अगदी मोजक्या आहेत.

वेळ उरला तर बी४४२३ने लॅन्थोनी मठाचे अवशेष पाहा. वाटेत क्युमयॉयचं चर्च आहे. तिथेही जमीन सरकल्याने मनोरा एकीकडे आणि भिंती दुसरीकडे कलल्यात. रस्ता एका गाडीपुरताच, दोन्हीकडे उंच कुंपणं. समोरून ट्रॅक्टर आला तर मागे घ्यावं लागतं, म्हणून भाड्याची गाडी छोटीच घ्या.