जलरंग शिकताना कळलेलं पाण्याचं गणित

जलरंग शिकायचे ठरवले तेव्हा रंगांचा मोठा संच घ्यायचा मोह होत होता. शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं, रंग थोडे असले तरी चालतील, कागद मात्र चांगला घे. वापरायला लागल्यावर ते पुरेपूर पटलं. पातळ कागद पाणी लागताच फुगतो, त्याला लाटा येतात आणि रंग खोलगट जागी जाऊन साचतो. मी ३०० जीएसएमचा म्हणजे चांगला जाड, कोल्ड प्रेस म्हणजे थोडा खरबरीत कागद घेतला आणि चारही कडा टेपने बोर्डावर चिकटवल्या. रंगांत दोन पिवळे, दोन लाल, दोन निळे आणि एक बर्न्ट सिएना, म्हणजे तांबूस तपकिरी. ब्रश म्हणाल तर आठ नंबरचा एक गोल ब्रश बराच काळ पुरला. पाणी मात्र दोन भांड्यांत हवं, एक ब्रश धुवायला आणि एक स्वच्छ.

चित्राकडे वळण्याआधी खूप दिवस नुसते चौकोन रंगवले. सपाट वॉश द्यायचा, म्हणजे पूर्ण चौकोनात एकसारखी छटा आली पाहिजे. रंग आधीच भरपूर कालवून ठेवायचा, कारण मध्येच संपला तर तीच छटा पुन्हा जमत नाही. बोर्ड मागच्या बाजूने जरासा उचलून ठेवला की पहिल्या पट्ट्याच्या खालच्या कडेला रंगाचा फुगीर थर जमतो. पुढचा पट्टा त्या थराला टेकवून ओढायचा, की तो थर आपसूक खाली सरकतो. तळाशी उरलेला रंग ब्रश निपटून टिपून घ्यायचा. एकदा गेलेल्या जागेवर पुन्हा ब्रश फिरवायचा नाही. हात शिवशिवतो, पण फिरवायचा नाही!

खरा अभ्यास ओलाव्याचा होता. कागद डोळ्यांच्या पातळीवर धरून तिरपा पाहिला की सगळं कळतं. पाणी लखलखत असेल तर टाकलेला रंग दूरवर पसरतो. लखलख जाऊन मंद तकाकी उरली की तोच रंग थोडासा पसरून मऊ कडेचा राहतो. ढग, धुकं, दूरची झाडी यांना हीच वेळ. तकाकी गेली, पण कागद हाताला गार लागतोय, तेव्हा थांबायचं. त्या वेळी जास्त पाण्याचा ब्रश टेकला, तर ते पाणी अर्धवट वाळलेल्या रंगाला बाहेर ढकलतं आणि फुलकोबीसारखी दातेरी कड उमटते. मी हे मुद्दाम वेगवेगळ्या वेळी थेंब टाकून पाहिलं आणि प्रत्येक डागाशेजारी पेन्सिलीने वेळ लिहून ठेवली. तो कागद अजून माझ्या टेबलासमोर लावलेला आहे. कुठल्याही तयार चित्राची नक्कल करून इतकं शिकायला मिळालं नसतं, असं माझं ठाम मत आहे.

रंगांचे स्वभावही असेच पट्टे ओढून कळत गेले. अल्ट्रामरीन निळ्याचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात, त्यामुळे आकाश दाणेदार दिसतं. थॅलो निळा कागदात असा मुरतो की ओल्या ब्रशने उचलू म्हटलं तरी त्याची झाक राहते. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून इतके सुंदर राखाडी मिळतात की काळ्या रंगाची नळी मी उघडतच नाही.

पारदर्शकतेची सवय व्हायला सगळ्यात जास्त वेळ लागला. इथे पांढरा म्हणजे कोरा कागद, त्यामुळे उजेडाच्या जागा आधी ठरवून सोडाव्या लागतात आणि फिक्याकडून गडदाकडे जावं लागतं. शिवाय रंग वाळल्यावर फिका पडतो, म्हणून ओला असताना थोडा जास्तच गडद लावायचा. दुसरा थर पहिला पूर्ण वाळल्यावरच, आणि हलक्या हाताने. जलरंगात रंगपूड धरून ठेवतो तो डिंक, आणि वाळलेला डिंक पाण्याने पुन्हा विरघळतो. ब्रश घासला की खालचा थर उठतो.

सध्या मी एकाच रंगात गोल वस्तू रंगवतेय. सावलीची बाहेरची कड धारदार ठेवायची आणि उजेडाकडची कड स्वच्छ, जेमतेम ओल्या ब्रशने विरवायची. ब्रश फडक्यावर किती टिपायचा याचा अंदाज आता येऊ लागलाय. तो नीट बसला की दोन रंगांकडे वळेन.