तुम्ही विचारलंत म्हणून : ‘पोर्ट्रे’ कुठे वापरायचं?

इंग्रजी शिकवणाऱ्याला हा प्रश्न हमखास येतो. ‘पोर्ट्रे’ म्हणजे वर्णन करणंच ना? मग ‘डिस्क्राइब’ लिहिलं तर काय बिघडतं?

बारावीच्या पेपरात बहुतेक वेळा काही बिघडत नाही. ‘द पोएट पोर्ट्रेज अबाउट नेचर’ हे मात्र बिघडलेलंच. तो ‘अबाउट’ काढा. (दरवर्षी सांगते, दरवर्षी पेपरात भेटतोच.)

नटांच्या बाबतीत मामला सरळ आहे. १९८२ च्या ‘गांधी’त बेन किंग्जलेंनी गांधीजी ‘पोर्ट्रे’ केले, रोहिणी हट्टंगडींनी कस्तुरबा. आपण ‘साकारल्या’ म्हणतो, तेच.

खरी गंमत मागे ‘ॲज’ लागला की सुरू होते. ‘द पेपर्स पोर्ट्रेड हिम ॲज अ व्हिलन’ असं लिहिणारा बहुधा हळूच अंग काढून घेत असतो : पेपरांनी त्याला खलनायक रंगवलं, तो तसा आहे असं मी म्हणत नाही. आपलं ‘रंगवणं’ इथे चपखल बसतं.

चर्चिल यांचं चित्र घ्या. १९५४ मध्ये त्यांच्या ८० व्या वाढदिवसाला ब्रिटिश संसदेने ग्रॅहम सदरलंडकडून करून घेतलेलं तैलचित्र त्यांना भेट दिलं. खुर्चीत बसलेला, खांदे पडलेला म्हातारा. चर्चिलना ते अजिबात आवडलं नाही. ‘आधुनिक कलेचा लक्षणीय नमुना’ असा चिमटा त्यांनी भर समारंभात काढला, सभागृह हसलं, आणि पुढे ते चित्र घरच्यांनीच नष्ट करवलं. सदरलंडचं म्हणणं, दिसले तसे काढले. आता चर्चिलभक्त लिहील, ‘ही पोर्ट्रेड हिम ॲज अ टायर्ड ओल्ड मॅन’. सदरलंडचा चाहता ‘ही सॉ अ टायर्ड ओल्ड मॅन’ म्हणून मोकळा होईल. चित्र एकच, पण लिहिणारा कुणाच्या बाजूचा ते क्रियापदावरून कळतं.

स्वतःबद्दल वापरलं तर हेच क्रियापद अंगाशी येतं. ‘ही पोर्ट्रेज हिमसेल्फ ॲज अ व्हिक्टिम’ म्हणजे बिचारेपणाचा आव आणतोय. आणि नोकरीच्या अर्जांत मुलं हौसेने लिहितात, ‘आय पोर्ट्रे मायसेल्फ ॲज अ हार्डवर्किंग पर्सन’. वाचणाऱ्याला त्यातून कळतं ते एवढंच, की मी कष्टाळू असल्याचं भासवतो. त्यापेक्षा ‘आय वर्क हार्ड’ लिहा, आणि खाली काय काम केलंत ते.