पास देणाऱ्याकडे बोट

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहायला बसलो, तेव्हा डोळ्यांसमोर दोन मैदाने एकदमच उभी राहिली. एक आपल्या शाळेचे, कडुनिंबाच्या कडेचे सिमेंटचे मैदान, ज्याच्या एका रिंगला जाळी होती आणि दुसरीला कधीच नव्हती. दुसरे अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचे, चॅपल हिल येथील, एकवीस हजारांहून अधिक प्रेक्षक सामावून घेणारे बंदिस्त मैदान. नोकरीमुळे मी त्या परिसरात राहतो. कॅरी आणि मॉरिसव्हिल या गावांत मराठी घरे बरीच आहेत आणि आमची मुले क्रिकेटइतकीच बास्केटबॉलच्याही वेडात वाढली आहेत. तेथे विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाचा २०२१-२२ चा जो हंगाम मी पाहिला, तो मला आपल्या शाळेशिवाय आठवताच येत नाही.

मी नववीत असताना आपले क्रीडाशिक्षक सर निवृत्त झाले. सामन्याच्या वेळी त्यांच्या मांडीवर एक लांबट वही असे, आणि गुणांच्या रकान्याशेजारी ‘पास’ असा आणखी एक रकाना त्यांनी पट्टीने आखलेला असे. दुसऱ्या दिवशी सरावाला ते आधी त्या रकान्यातील नावे वाचून दाखवत आणि बास्केट करणाऱ्यांची नावे मागाहून. त्यांच्या जागी नवे सर आले, तेव्हा आम्ही मुले त्यांच्या प्रत्येक सूचनेवर ‘आधीचे सर असे करत नसत’ एवढेच म्हणत राहिलो. त्या सहामाहीत कित्येक जणांनी सरावाला येणे सोडले. त्यांत मीही होतो, आणि त्याची खंत मला आजही आहे.

चॅपल हिलला एप्रिल २०२१ मध्ये रॉय विल्यम्स निवृत्त झाले. त्यांच्या नावावर ९०३ विजय आणि २००५, २००९, २०१७ अशी तीन राष्ट्रीय विजेतेपदे होती. त्यांच्या जागी आलेले ह्युबर्ट डेव्हिस याच विद्यापीठाचे माजी खेळाडू. १९८८ ते १९९२ या काळात ते थोर प्रशिक्षक डीन स्मिथ यांच्या हाताखाली खेळले, पुढे व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये गाजले आणि २०१२ पासून विल्यम्स यांचे साहाय्यक होते. मुख्य प्रशिक्षकपद मात्र त्यांनी यापूर्वी कोठेही सांभाळलेले नव्हते. या संघाचे ते पहिले कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक. डीन स्मिथ यांनी घालून दिलेली एक रीत तेथे आजही पाळली जाते. बास्केट करणारा खेळाडू परत धावताना पास देणाऱ्याकडे बोट दाखवतो आणि श्रेय त्याचे असल्याचे सर्वांसमोर कबूल करतो. मी ते प्रथम पाहिले, तेव्हा आपल्या सरांच्या वहीतला तो रकानाच जणू मैदानावर उतरला आहे, असे मला वाटले.

डेव्हिस यांनी जुने बरेच राखले, पण एक गोष्ट बदलली. विल्यम्स दोन उंच खेळाडू रिंगजवळ ठेवत. डेव्हिस यांनी आरमँडो बेकॉट या एकालाच आत ठेवले आणि ओक्लाहोमाहून आलेला, दाढीवाला ब्रेडी मॅनेक हा उंच खेळाडू बाहेरून तीन गुणांचे फेक घेऊ लागला. त्यामुळे बचाव करणाऱ्यांना बाहेर यावे लागे आणि आत बेकॉटला हालचालीला जागा मिळे. हे जमून यायला वेळ लागला. डिसेंबरमध्ये केंटकी विद्यापीठाकडून ६९-९८ अशी हार झाली, जानेवारीत मायामीकडून २८ गुणांनी आणि चारच दिवसांनी वेक फॉरेस्टकडून २२ गुणांनी. फेब्रुवारीत शेजारच्याच ड्यूक विद्यापीठाने चॅपल हिलमध्येच २० गुणांनी हरवले. माझ्या कचेरीत, किराणा दुकानाच्या रांगेत, सगळीकडे एकच वाक्य ऐकू येई आणि ते मला फार ओळखीचे होते.

१६ फेब्रुवारीला एका सहकाऱ्याने दिलेल्या तिकिटावर मी पिट्सबर्गविरुद्धचा सामना पाहायला गेलो. सामना ६७-७६ असा हातचा गेला. शेवटची मिनिटे उरली असताना माझ्या रांगेतील माणसे कोट चढवून निघूनही गेली होती. डेव्हिस मात्र बाजूच्या रेषेजवळ उभे राहून, एका चुकीनंतर बाकाकडे परतणाऱ्या खेळाडूशी शांतपणे बोलत होते. ते काय बोलत होते, ते एवढ्या लांबून कळणे शक्य नव्हते, पण तो खेळाडू मान खाली घालून बसला नाही, एवढे मी पाहिले.

पुढच्या सतरा दिवसांत चित्र पालटले. केलेब लव्ह, आर. जे. डेव्हिस, लीकी ब्लॅक, मॅनेक आणि बेकॉट या पाच जणांवरच प्रशिक्षकांनी जवळजवळ सारा भार टाकला. लोक त्यांना ‘आयर्न फाइव्ह’ म्हणू लागले. ५ मार्चला ड्यूकच्या मैदानावर, बेचाळीस हंगाम त्या संघाला घडवणाऱ्या माइक शशेव्स्की यांच्या शेवटच्या घरच्या सामन्यात, कॅरोलायनाने ९४-८१ असा विजय मिळवला आणि पाचांपैकी चौघांनी प्रत्येकी वीस किंवा अधिक गुण केले.

राष्ट्रीय स्पर्धेत संघाला आठवे मानांकन मिळाले होते. दुसऱ्या फेरीत गतविजेत्या बेलरविरुद्ध पंचवीस गुणांची आघाडी असताना मॅनेकला पंचांनी बाहेर काढले, पाच फाऊल झाल्याने लव्हलाही खेळाबाहेर जावे लागले, आघाडी पूर्ण विरघळली, आणि तरी जादा वेळेत ९३-८६ असा विजय मिळाला. त्या रात्री आमच्या घरात कोणी वेळेवर जेवले नाही. उपांत्य सामन्यात २ एप्रिलला न्यू ऑर्लीन्स येथे पुन्हा ड्यूकच समोर आले. राष्ट्रीय स्पर्धेत हे दोन शेजारी त्यापूर्वी कधीच भिडले नव्हते. पाऊल मुरगळलेला बेकॉट लंगडत परत आला, शेवटच्या अर्ध्या मिनिटात लव्हने तीन गुणांचा फेक साधला, आणि सामना ८१-७७ असा संपला.

अंतिम सामन्यात कॅन्ससविरुद्ध मध्यंतराला आपला संघ ४०-२५ असा पुढे होता. पण कॅन्ससने एका वेळी सोळा गुणांपर्यंत गेलेली पिछाडी भरून काढली. अंतिम सामन्यात एवढी पिछाडी त्याआधी कोणी भरून काढलेली नव्हती. शेवटच्या मिनिटात बेकॉटचे तेच पाऊल पुन्हा दुखावले, लव्हचा अखेरचा फेक हुकला आणि ६९-७२ अशी हार झाली. माझी मुलगी रडली. निवृत्त रॉय विल्यम्स त्या स्पर्धेत प्रेक्षकांत बसलेले दिसत. कधी काळी त्यांनी पंधरा हंगाम कॅन्ससलाही शिकवले होते. त्यांना तसे बसलेले पाहिले की मला कडुनिंबाखालचा बाक आठवे, कारण आपले जुने सरही नव्या सरांच्या संघाचे सामने पाहायला तेथेच येऊन बसत आणि विश्रांतीच्या वेळी काही सांगायला कधीही उठत नसत.

दहावीच्या निरोपसमारंभाच्या दिवशी मी क्रीडासाहित्याच्या खोलीत चेंडू परत करायला गेलो असताना ती लांबट वही टेबलावर उघडी पडलेली दिसली. अर्ध्यापर्यंत जुन्या सरांचे शिसपेन्सिलीचे अक्षर होते. त्यापुढे निळ्या शाईतले नव्या सरांचे अक्षर सुरू झाले होते, आणि ‘पास’चा रकाना प्रत्येक पानावर तसाच आखलेला होता. मी सरावाला जात नव्हतो, त्या महिन्यांच्या पानांवरही तो होता. ती वही अजून शाळेत असेल, तर महोत्सवाला आल्यावर मला ती एकदा हातात घेऊन पाहायची आहे.